कासोबा का आला नाही

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कासव आहे. मुलांनी माझे नाव कासोबा ठेवले आणि तेव्हापासून मीही स्वतःला कासोबाच म्हणवून घेतो. माझा पुढचा डावा पाय निखळला आहे. पाठीवरचा हिरवा रंग मुलांच्या हातांनी पुसट झाला आहे. सध्या माझा मुक्काम एका कार्यालयातल्या कपाटावर आहे. एका बाजूला फायलींचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला पंखा. दोघेही घुमे आहेत, म्हणून तुमच्याशी बोलतो. आधीच सांगून ठेवतो, माझ्या मनात राग आहे. अंगावर धूळ बसली याचा नाही, ती काय सगळ्यांवरच बसते. ज्यांनी मला बनवले त्यांनी मला एका चार वर्षांच्या मुलीला फसवायला लावले, त्याचा राग आहे.

पण सुरुवातीपासून सांगतो. माझा जन्म याच कार्यालयात झाला. इथे लहान मुलांसाठी नव्या तऱ्हेची खेळणी बनवतात. नुसती बघायची नव्हेत, तर हाताळायची. मुलाने काही केले की उलट काहीतरी करणारी. मोठे सर इथले प्रमुख. खेळणे कसे असावे हे ठरवायचे काम ताईचे. पोटातल्या तारा जोडायचे काम वायरवाल्या दादाचे. आणि लाकडाचे सगळे काम सुतारकाकांचे.

सुतारकाकांनी मला एका सागवानी ठोकळ्यातून कोरून काढले. ते माझी प्रत्येक कड घासून गोल करायचे आणि मग मला स्वतःच्या गालावरून फिरवायचे. "पोरं वस्तू आधी तोंडात घालतात, मग हातात घेतात," ते म्हणायचे. "माझ्या गालाला टोचलं नाही तर त्यांच्या ओठांनाही टोचणार नाही." त्यांची दाढी नेहमी वाढलेली असायची, त्यामुळे टोचायचे ते मलाच.

माझ्या पाठीवर सहा भोके होती आणि त्यांत बसणाऱ्या रंगीत खुंट्या. लाल खुंटी म्हणजे पुढे चाल. निळी म्हणजे वळ. पिवळी म्हणजे थांब आणि गुणगुण. हिरवी म्हणजे मान हलव. मुलांनी हव्या त्या क्रमाने खुंट्या खोचायच्या आणि मी त्याच क्रमाने वागायचे. एकामागून एक गोष्टी कशा घडतात हे मुलांना हातांनी कळावे, ही ताईची कल्पना. काकांनी केलेल्या पहिल्या खुंट्या नाजूक होत्या, सुरेख होत्या. ताईने त्या एका काचेच्या नळीत टाकून पाहिल्या. ती नळी लहान मुलाच्या घशाएवढी रुंद होती. खुंटी टुक्कन आत गेली. काकांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी चांगल्या गलेलठ्ठ खुंट्या करून आणल्या.

मग मला टेबलावरून वीस वेळा खाली टाकले. राग नका धरू, तेही माझ्या भल्यासाठीच होते. मुलांच्या हातून मी पडणारच होतो. बाराव्या वेळी माझी शेपटी तुटली. तुटलेले टोक अणकुचीदार होते, म्हणून ताई म्हणाली, "शेपटी नकोच." असा मी बिनशेपटीचा झालो. या सगळ्या माणसांनी माझ्यात इतका जीव ओतला होता. मला वाटले, आपण चांगल्या घरात जन्मलो.

एका सकाळी मला बालवर्गात नेले. खिडकीखाली बुटक्या खुर्च्या, भिंतीला टेकून पुस्तकांचे एक रुंद कपाट, जमिनीवर निळी सतरंजी. मला तिच्या मधोमध ठेवले. बारा मुले माझ्याभोवती गोळा झाली. एकाने माझ्या पाठीत खुंट्या खोचल्या, लाल, लाल, निळी. मी दोन पावले चाललो आणि वळलो! मुलांनी जो काही आरडाओरडा केला! एका मुलाने माझ्या तोंडात खडू कोंबला. "कासोबाला भूक लागलीय," तो म्हणाला. दुसरीने आपला मोजा काढून माझ्या पायात चढवायचा प्रयत्न केला. "चार लागतील गं," वर्गातल्या बाई हसून म्हणाल्या, "तुझ्याकडे दोनच आहेत."

मी तर फुलून गेलो. किती शहाणे आपण! मुलांनी सांगावे आणि आपण बरोब्बर तसेच करावे! एखादे मूल चुकले, खुंटी अर्धवट खोचली, तरी मला त्याच्या मनातले कळायचे. कोणी पडून रडायला लागले तर मी सांगितल्याशिवाय त्याच्याकडे वळायचो. मला वाटायचे, हे सगळे मीच करतो.

तिसऱ्या दिवशी मी सतरंजीच्या काठावर मध्येच थांबलो. मुले खुंट्या खोचत होती, पण माझा पाय उचलेना. तेवढ्यात पुस्तकांच्या कपाटामागून हळूच आवाज आला, "अय्या, सेल गेला वाटतं." आवाज ताईचा होता. बाई घाईघाईने म्हणाल्या, "कासोबा दमलाय, त्याला झोपू द्या." मुलांनी लगेच तोंडावर बोट ठेवले आणि मला कोणाचा तरी रुमाल पांघरला.

मित्रांनो, त्या रुमालाखाली मला तोंडात मारल्यासारखे झाले. कपाटामागे एका बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला टेकवून, ताई बसलेली होती. तिच्या हातात बटणांची डबी होती, कानांना आवाज ऐकायचे यंत्र होते आणि माझ्या घशात बोलणे टिपणारी एक बारीकशी कळ बसवलेली होती. ती फटीतून बघायची, कानांनी ऐकायची आणि बटणे दाबायची. चालत होतो मी, चालवत होती ती. माझ्या पोटात मेंदू नव्हताच. चार मोटारी आणि एक पोकळी, एवढाच मी.

पुढे कार्यालयातल्या बोलण्यातून मला कळले की ही या लोकांची कामाची पद्धतच आहे. खेळण्याचा मेंदू बनवायला कित्येक महिने लागतात. तो बनवल्यावर मुलांना आवडलाच नाही, तर सगळे पाण्यात. म्हणून आधी मेंदू नसलेले खेळणे मुलांपुढे ठेवतात आणि मेंदूच्या जागी माणूस लपवतात. मुले काय करतात ते बघतात आणि मग तसा मेंदू बनवतात. यात वावगे काही नाही, असे ते म्हणतात. मलाही ते पटले असते, कारण ताईच्या वहीच्या पहिल्याच पानावर एक नियम लिहिलेला होता. शेवटच्या दिवशी मुलांना कपाटामागे न्यायचे, बटणे दाखवायची, त्यांच्या हातात द्यायची आणि सगळे खरे सांगायचे. त्या नियमाच्या भरवशावर मी गप्प राहिलो.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला शेपटी म्हणायचे, कारण ती बाईंचा हात सोडायचीच नाही. बाई फळ्याकडे गेल्या की ही मागे, दाराकडे गेल्या की ही मागे. ती वर्गात एक शब्द बोलत नसे. हजेरीच्या वेळी नुसता हात वर करायची. मला गंमत वाटायची, माझी तुटलेली शेपटी मला इथे भेटली म्हणून.

पहिले तीन दिवस ती माझ्याजवळ फिरकली नाही. चौथ्या दिवशी बाकीची मुले हात धुवायला गेली, तेव्हा ती हळूच आली, सतरंजीवर पालथी पडली आणि माझ्या तोंडाला तोंड लावून कुजबुजली, "घरी बोललं की बाळ उठतं."

कपाटामागे ताईने ते ऐकले असणार, कारण मी हिरवी खुंटी नसतानाही मान हलवली. शेपटीने डोळे मोठे केले. मग ती आणखी जवळ सरकली. "मला बाळ नकोय," ती म्हणाली. "आईला सांग ना, परत देऊन ये म्हणून."

मी वळलो, दोन पावले चाललो आणि तिच्या हाताला जाऊन टेकलो. गुणगुणलोसुद्धा. शेपटी हसली. बाईंनी दारातून ते पाहिले आणि कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. त्यांनी तिला हसताना कधी पाहिलेच नव्हते.

त्यानंतर रोज हात धुवायच्या वेळी ती यायची. बाळ कसे रडते, सगळे त्याच्याभोवतीच कसे असतात, आपली बाहुली आता त्याच्या पाळण्यात कशी असते, सगळे सांगायची. मी मान हलवायचो. शेवटी म्हणायची, "ये ना," आणि मी तिच्याकडे जायचो. माझे पाय चालवणारी दुसरीच आहे हे मला ठाऊक होते. तरी मित्रांनो, त्या मुलीकडे जाताना मला ते विसरायला व्हायचे.

शेवटचा दिवस आला. ताईने बटणांच्या डबीत नवे सेल घातले होते, मुलांना दाबून बघता यावीत म्हणून. पण सकाळीच मोठे सर वर्गात आले आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आज काही सांगू नकोस."

"पण सर, आपला नियम आहे."

"नियम मीच केलाय. दोन महिन्यांनी खरा मेंदू बसवून याच मुलांपुढे ठेवायचाय ना? आत्ता सांगितलं तर मुलं कासवाकडे बघणार नाहीत, कपाटामागे धावतील. मग आपल्याला काय कळणार? तेव्हा एकदमच सांगू."

ताईने माझ्याकडे पाहिले. मग तिने डबी पिशवीत टाकली. मुलांनी मला टाटा केला. शेपटीने माझ्या कानाशी, म्हणजे कान असायला हवा त्या जागी, सांगितले, "लवकर ये."

मी कार्यालयात परत गेलो तेव्हा वायरवाल्या दादाने माझ्या पोटात मेंदू बसवला. नखाएवढ्या चौकटीचा तो मेंदू फार हुशार होता, असे सगळे म्हणायचे. खुंट्यांचा क्रम तो एकदाही चुकला नाही. सर खूश, दादा खूश. मला मात्र आत कोणी परका राहायला आल्यासारखे वाटत होते. त्याला खुंट्या कळायच्या. बोललेले कळायचे नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षाच नव्हती, कारण ताईने कपाटामागून शेपटीसाठी जे केले ते कागदावर कुठे लिहिलेलेच नव्हते.

दोन महिन्यांनी मला पुन्हा त्या निळ्या सतरंजीवर ठेवले. ताई आता कपाटामागे नव्हती. ती उघड्यावर, खुर्चीवर, मांडीवर वही घेऊन बसली होती. बघणाऱ्याने बघायचे, मोजायचे, लिहायचे. बोलायचे नाही, मुलांना मदत करायची नाही, मध्ये पडायचे नाही, नाहीतर चाचणी बिघडते. तिच्या शेजारी सर उभे होते.

शेपटीने हात धुवायच्या वेळेची वाटसुद्धा पाहिली नाही. तिने बाईंचा हात सोडला आणि धावत माझ्याकडे आली. पालथी पडली. "बाळाला दात आलाय," ती कुजबुजली.

मी मान हलवली नाही.

तिला वाटले मी ऐकले नाही. तिने पुन्हा सांगितले. मग म्हणाली, "ये ना." एका मुलाने माझ्या पाठीत लाल खुंट्या खोचल्या होत्या, म्हणून मी चाललो, पण सरळ, तिच्या पुढून, खिडकीच्या दिशेने. ती उठून माझ्यासमोर येऊन बसली. मी तिच्या गुडघ्याला धडकलो, आणि मेंदूने अडथळा आहे असे समजून मला मागे फिरवले. मला माझे पाय थांबवता येत नव्हते. मित्रांनो, आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

शेपटी माझ्या पाठोपाठ सरकली. मग पुन्हा वाकली आणि म्हणाली, "मी असं परत नाही म्हणणार. मला बाळ आवडतं. खरंच आवडतं. ये ना." खुंट्यांचा क्रम संपला होता, मी हललो नाही. आणि मग ती मोठ्याने, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी ओरडली, "कासोबा, ये ना!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "बोलली!" त्या म्हणाल्या. "अहो, पहिल्यांदा बोलली ती वर्गात!" सरांनी ताईकडे वळून बोटाने खूण केली, लिहून घे. ताईने लिहून घेतले. तिचा हात थांबला होता हे मी पाहिले. ती खुर्चीवरून थोडी उठलीही होती. पण ती परत बसली.

शेवटी मुलांना एकेक कागद दिला. त्यावर पाच चेहरे होते, रडक्यापासून खदखदून हसणाऱ्यापर्यंत. खेळणे जेवढे आवडले तेवढा हसरा चेहरा रंगवायचा. शेपटीने सगळ्यांत हसरा चेहरा रंगवला, अगदी रेघेबाहेर जाऊ न देता. मग तो कागद आधी माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बघ," ती म्हणाली. "मी तुला सगळ्यांत मोठा दिलाय." माझी मनधरणी करत होती ती. माझ्याकडून काही आले नाही, तेव्हा तिने तो कागद नेऊन ताईच्या हातात दिला. वहीत तिच्या नावापुढे पाच लिहिले गेले. पाचपैकी पाच.

त्या दिवशीही मुलांना काही सांगितले नाही. वेळ संपली होती, गाडी खाली उभी होती, आणि सर म्हणाले, "बघू पुढच्या वेळी."

मग माझे कौतुक सुरू झाले. अहवाल लिहिला गेला. नवा मेंदू मुलांना पसंत पडला, इतकेच नव्हे तर एक अबोल मुलगी माझ्यामुळे बोलायला लागली, असे त्यात होते. पाहुणे यायचे, मला हातात घेऊन फोटो काढायचे. मला पाहून प्लास्टिकची कासवे बनवायचे ठरले. माझ्या तोंडावर शाबासकी आणि माझ्याच हातून त्या मुलीचा केसाने गळा कापलेला, अशी माझी गत होती. मला कोणी काही विचारले नाही.

माझ्या घशातली कळ त्या दुसऱ्या चाचणीच्या वेळीही चालू होती. अहवाल गेल्यावर उरलेल्या नोंदींसाठी ताई ते आवाज ऐकत बसली होती, मुलांनी किती वेळा काय म्हटले ते मोजत. मी टेबलावर तिच्या समोरच होतो. "मी असं परत नाही म्हणणार," हे वाक्य आले आणि तिने कानांवरचे यंत्र काढून ठेवले. मग ते पुन्हा लावले आणि पुन्हा ऐकले. ती सरांकडे गेली.

"सर, तिला वाटतंय ती बाळाला नको म्हणाली म्हणून कासव रागावलं. तिला सांगायला हवं."

सर वाईट माणूस नाहीत, हे मला कबूल करावे लागेल. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "चार वर्षांची मुलं आठवड्यात विसरतात गं," ते म्हणाले. "आणि अहवाल गेलाय. आता जाऊन काय सांगणार, की ते हसरे चेहरे खरे नव्हते?"

त्यानंतर ताई रोज म्हणायची, उद्या जाते. कधी काम असायचे, कधी नसायचे. मला माहीत आहे ती का जात नव्हती. ती घाबरली होती. तीन आठवडे तिने असेच काढले. मग एका दुपारी तिने मला कापडी पिशवीत घातले आणि कोणाला न विचारता बालवर्गात घेऊन गेली.

मुलांची घरी जायची वेळ झाली होती. शेपटी दाराजवळ बाईंचा हात धरून उभी होती. मला पाहून ती बाईंच्या मागे सरकली. बाई ताईला हळूच म्हणाल्या, "परत बोललीच नाही हो ती. त्या दिवशी ओरडली, तेवढंच."

ताई तिच्यासमोर जमिनीवर बसली. पेचकसाने तिने माझे पोट उघडले. "हे बघ," ती म्हणाली. "हा याचा मेंदू. याला फक्त खुंट्या कळतात. बोललेलं कळत नाही. म्हणून तो आला नाही. तुझं काहीच चुकलं नाही."

शेपटीने वाकून माझ्या पोटात पाहिले. "आधी कळायचं," ती म्हणाली.

"आधी... आधी हा मेंदू नव्हता. मी होते. त्या कपाटामागे बसून मी त्याला चालवायचे."

शेपटीने कपाटाकडे पाहिले, मग ताईकडे. "मग कासोबा रागावला नव्हता?"

"नाही गं. त्याला रागावताच येत नाही."

यावर मला पुष्कळ बोलायचे होते, पण माझे पोट उघडे पडले होते.

"म्हणजे बाळाचं तू ऐकलंस?"

"हो," ताई म्हणाली. "पण मी कोणाला सांगितलं नाही. आणि बाळ नको वाटणं वाईट नसतं. पुष्कळ मुलांना वाटतं."

शेपटीने मान हलवली. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरले, एवढे मी पाहिले. ताईलाही ते दिसले आणि ती हसली. सगळे मिटले असे तिला वाटले. पण शेपटी अजून विचार करत होती. तिने हिशेब लावला आणि मग साध्या आवाजात विचारले, "मग मी 'ये ना' म्हटलं तेव्हा तू का नाही आलीस?"

ताई खाली वाकून स्क्रू चाचपू लागली.

"तू तिथंच होतीस," शेपटी म्हणाली. "खुर्चीवर."

ताईने तोंड उघडले. चाचणीत मध्ये बोलायचे नसते, असे काहीतरी ती म्हणणार होती बहुतेक, कारण "अगं, त्या दिवशी ना..." एवढे म्हणून ती थांबली. शेपटीने थोडा वेळ वाट पाहिली. मग बाईंचा हात धरून ती बाहेर गेली. तिने माझ्याकडेही वळून पाहिले नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

ताईने माझे पोट बंद केले तेव्हा एक स्क्रू लावायचा राहिला. परतताना पिशवीत माझा पाय निखळला. काही दिवसांनी दादाने मेंदू काढून दुसऱ्या खेळण्यात बसवला आणि मी या कपाटावर आलो. ताई कधी या खोलीत आली तर वर बघत नाही.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, त्याचे काही नाही. पण माझे एवढे ऐका. तुमच्याशी गोड वागणारे एखादे खेळणे एके दिवशी गप्प झाले, तर माझे काय चुकले, असे स्वतःला विचारत बसू नका. मोठ्या माणसांपुढे जाऊन उभे राहा आणि विचारा, आधी ऐकत होतं ते कोण? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी खेळणी बनवणार असेल, तर मूल हाक मारेल तेव्हा हातातली वही खाली ठेवा. त्या दिवशी ताईच्या खुर्चीपासून शेपटीपर्यंत फक्त चार पावले होती. मला पाय असून ती चालता आली नाहीत. ताईला येत होती.